ब्रॅकेट ड्रॅग रेस: शतांश-सहस्रांशांचा हिशोब, पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्यांची सरळ पट्टीवरची शर्यत. तिच्या ब्रॅकेट प्रकारात सोळा सेकंदांत पाव मैल कापणारी साधी हॅचबॅक तेरा सेकंदांच्या टर्बो सेडानला हरवू शकते. त्यात नशिबाचा भाग फार थोडा असतो. इथे जिंकतो तो आपली गाडी किती वेळात धावेल हे आधीच नेमकं सांगणारा, आणि दिवा लागल्यावर वेळेत सुटणारा. चुरशीची रेस एक-दोन शतांश सेकंदांत सुटते, कधी काही सहस्रांशांत. हे सहस्रांश कुठून येतात आणि कुठे गळतात, ते एकदा कळलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही हेही कळतं. बहुतेक नवशिके एक्झॉस्ट आणि रिमॅपवर (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्यावर) खर्च करतात आणि रेस हरतात ती सुटण्याच्या रेषेवर.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट. हा सराव ईस्टर्न फ्रीवे, पाम बीच रोड, कोस्टल रोड किंवा रात्रीच्या बीकेसीत करायचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय रस्त्यावर ना वेळ मोजणारे प्रकाशकिरण असतात ना टायमिंग, त्यामुळे तिथे ब्रॅकेट रेसिंग शिकताच येत नाही. मुंबईकरांना जवळची म्हणून माहीत असलेली जागा म्हणजे लोणावळ्यापलीकडची ॲम्बी व्हॅलीची धावपट्टी. तिथे ड्रॅग स्पर्धा झालेल्या आहेत. स्पर्धेला एफएमएससीआयची (देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाची) मान्यता आहे ना, एवढं नाव नोंदवण्याआधी बघा. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा इंजिनाच्या सीसीनुसार गट पाडून समोरासमोर होतात. तिथे डायल आणि ब्रेकआउट (हे काय ते पुढे येतंच) सोडून खालचं बाकी सगळं जसंच्या तसं लागू पडतं.

आधी हिशोब समजून घ्या

तुम्ही रेसआधी गाडीवर एक आकडा लिहून देता, तो तुमचा डायल. समजा तुमचा डायल १५.८० आणि समोरच्याचा १३.४०. फरक २.४० सेकंदांचा, म्हणून तुमचा हिरवा दिवा त्याच्या २.४० सेकंद आधी लागतो. दोघंही आपापल्या डायलइतकीच धावली आणि दोघांनीही हिरव्याच्या क्षणीच रेषा सोडली, तर दोन्ही गाड्या एकाच क्षणी शेवटच्या रेषेवर पोहोचतील.

प्रत्यक्षात तसं होत नाही, आणि जो फरक पडतो त्यातच रेस असते. हिरवा लागल्यापासून गाडीने सुरुवातीची रेषा सोडेपर्यंतचा वेळ म्हणजे रिॲक्शन टाइम. रेषा सोडल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा वेळ म्हणजे ईटी (इलॅप्स्ड टाइम). ईटीमधून डायल वजा करा, त्यात रिॲक्शन मिळवा. या बेरजेला रेसर पॅकेज म्हणतात. ज्याचं पॅकेज लहान तो जिंकतो, फक्त त्याने नियम मोडलेला नसला पाहिजे.

एक उदाहरण. तुमचा रिॲक्शन ०.११२, ईटी १५.८०६. पॅकेज ०.११८. समोरच्याचा रिॲक्शन ०.०४८, ईटी १३.४५७. पॅकेज ०.१०५. तुमची गाडी डायलच्या सहा सहस्रांशांत धावली, म्हणजे अगदी अचूक. त्याची गाडी सत्तावन्न सहस्रांशांनी चुकली. तरी तो ०.०१३ सेकंदाने जिंकला, कारण तुम्ही रेषेवर उशीर केलात. ताशी १४० किलोमीटरला एवढ्या वेळात गाडी अर्धा मीटर जाते. तुम्ही हरलात ते अर्ध्या मीटरने, आणि तो अर्धा मीटर इंजिनात नव्हता.

आता नियम. डायलपेक्षा कमी वेळात धावलात तर ब्रेकआउट, म्हणजे पुढे असूनही हार. दोघांनी ब्रेकआउट केलं तर ज्याने कमी केलं तो जिंकतो. १५.८० च्या डायलवर १५.७७ आणि १३.४० च्या डायलवर १३.३८, तर दुसरा जिंकला. हिरव्याआधी रेषा सोडली तर लाल दिवा, तीही हार, आणि लाल हा ब्रेकआउटपेक्षा मोठा गुन्हा धरतात. लेन ओलांडणं त्याहूनही मोठा. दोघांनी लाल केला तर आधी लाल करणाराच हरतो की जास्त घाई करणारा, हे त्या स्पर्धेच्या नियमपुस्तकात वाचून घ्या, कारण दोन्ही पद्धती वापरात आहेत. आधी सुटणाऱ्या हळू गाडीला हा मुद्दा फार महत्त्वाचा.

ट्री आणि किरण

दिव्यांच्या खांबाला ट्री म्हणतात. अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेने १९६३ मध्ये तो आणला, त्याआधी माणूस झेंडा हलवायचा. वर प्री-स्टेज आणि स्टेजचे दिवे, खाली तीन पिवळे, मग हिरवा आणि तळाला लाल. ब्रॅकेटमध्ये साधारण फुल ट्री असतो: पिवळे एकामागून एक ०.५०० सेकंदांच्या अंतराने लागतात आणि तिसऱ्या पिवळ्यानंतर ०.५०० सेकंदांनी हिरवा. प्रो ट्रीमध्ये तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४०० सेकंदांनी हिरवा. कुठला आहे ते सकाळच्या ड्रायव्हर्स मीटिंगमध्ये विचारा.

जमिनीलगत आडवे दोन किरण असतात. पुढचं चाक पहिला किरण अडवतं तेव्हा प्री-स्टेजचा दिवा लागतो. तिथून सात इंच, म्हणजे जेमतेम १८ सेंटिमीटर पुढे स्टेजचा किरण. तो अडवला की दुसरा दिवा लागतो आणि तुम्ही तयार. गाडी निघाल्यावर चाकाने हा स्टेजचा किरण पूर्ण मोकळा केला की रिॲक्शन संपतो आणि ईटीचं घड्याळ सुरू होतं. म्हणजे गाडी हलली त्या क्षणी घड्याळ सुरू होत नाही. चाक किरणातून बाहेर पडेपर्यंत गाडी काही इंच आधीच गेलेली असते. या अंतराला रोलआउट म्हणतात. ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

स्टेजिंग: तीन सेंटिमीटरची किंमत

साध्या रोडवरच्या गाडीचं रोलआउट एक फुटाच्या आसपास येतं. २८ सेंटिमीटर धरा. ०.४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट) वेगवाढीने निघणाऱ्या गाडीला हे अंतर कापायला ०.३७८ सेकंद लागतात. तुम्ही किरणात तीन सेंटिमीटर आत जाऊन उभे राहिलात, तर उरलेल्या २५ सेंटिमीटरना ०.३५७. म्हणजे तीन सेंटिमीटर आत-बाहेर उभं राहण्याने रिॲक्शनमध्ये दोन शतांशांचा फरक, आणि तुमचा पाय मात्र तसाच पडलेला.

इथे नवशिक्याला वाटतं की आत उभं राहिलं की दोन शतांश फुकट मिळाले. तसं नाही. घड्याळ लवकर सुरू झालं, त्या वेळी गाडीचा वेग कमी होता, म्हणून ईटी तेवढ्याच दोन शतांशांनी वाढतो. हिरव्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा एकूण वेळ जवळजवळ तोच राहतो. पॅकेज बदलत नाही. बदलते ती वाटणी. आणि वाटणी बदलली की धोका बदलतो. एरवीपेक्षा आत उभे राहिलात तर लाल दिव्याच्या जवळ गेलात, एरवीपेक्षा बाहेर राहिलात तर ईटी कमी येऊन ब्रेकआउटच्या जवळ गेलात. दोन्हीकडे हार, आणि घरी जाताना कारण सापडत नाही, कारण इंजिन, हवा, पाय सगळं ठीक होतं.

आत उभं राहण्याचा खरा फायदा घ्यायचा असेल तर डायलही तेवढाच वाढवावा लागतो. प्री-स्टेजचा दिवा विझेपर्यंत आत जाणं म्हणजे डीप स्टेज. ज्यांचा रिॲक्शन नेहमीच उशिरा येतो अशा हळू गाड्यांना ते उपयोगी पडतं, पण नवीन डायल पुन्हा शोधावा लागतो, आणि काही ठिकाणी डीपला परवानगी नसते. पहिल्या स्पर्धेत हे करू नका.

पहिल्या स्पर्धेत करायचं ते असं. प्री-स्टेजचा दिवा लावा आणि पूर्ण थांबा. श्वास सोडा. मग ब्रेकवरून पाय अगदी किंचित उचलत गाडी इंचाइंचाने पुढे घ्या आणि स्टेजचा दिवा लागताक्षणी थांबा. गाडी पुढे सरकतानाच थांबली पाहिजे. मागे येऊन थांबली तर जागा बदलते. लोकलचा मोटरमन प्लॅटफॉर्मवर ठरलेल्या पाटीपाशीच गाडी उभी करतो, तसं प्रत्येक वेळी तिथेच. क्लचच्या गाडीत इथेच घोळ होतो: क्लच सोडला की गाडी एकदम हातभर उडी मारते. धावपट्टी सपाट असते, तेव्हा इंजिनच्या जोरावर जाण्यापेक्षा क्लच पूर्ण दाबून आधी मिळालेल्या किंचित वेगाच्या जोरावर ब्रेकने नियंत्रण ठेवत आत शिरणं सोपं पडतं. रांगेत उभे असतानाच याचा सराव होतो.

दोन्ही गाड्या स्टेज झाल्यावर ट्री आपोआप सुरू होतो. समोरचा आधी स्टेज झाला म्हणून घाई करू नका, पण त्याला ताटकळतही ठेवू नका. वेळेची मर्यादा असते.

रिॲक्शन: शेवटचा पिवळा

हिरवा बघून निघालात तर हरलात. डोळ्याने दिवा टिपून पाय हलायला साधारण ०.२ सेकंद जातात, त्यावर वर काढलेले ०.३७८ सेकंद गाडीचे. बेरीज ०.५७८. म्हणून शेवटचा पिवळा पेटला रे पेटला की सुटायचं. त्यानंतर ०.५०० सेकंदांनी हिरवा येतो, आणि तुमचा रिॲक्शन ०.०७८ च्या आसपास पडतो. हलक्या, ताकदवान गाडीचं रोलआउट लवकर संपतं, तिच्या ड्रायव्हरला उलट लाल दिव्याची काळजी करावी लागते.

मनात ठेका धरून सुटण्याची सवय लावू नका. पिवळ्यांचं अंतर ठरलेलं असल्यामुळे मोह होतो, पण घाबरलेल्या माणसाचा ठेका जलद होतो आणि फायनलला तो हमखास लाल करतो. पहिले दोन पिवळे नजरेच्या कडेला राहू द्या. नजर फक्त तिसऱ्या दिव्यावर. तुमच्या लेनचा तिसरा पिवळा स्टेज झाल्यावर लगेच शोधून त्यावर डोळे रोवा.

ध्येय ०.००० चं ठेवू नका. तुमचे दहा रिॲक्शन बघा. सगळ्यात लवकरचा आणि सगळ्यात उशिराचा यांत सहा शतांशांचं अंतर असेल, तर सरासरी ०.०४० ला आणा. मग लवकरातला लवकर ०.०१० येईल, लाल होणार नाही. पसारा कमी झाला की सरासरी खाली ओढा. उलटा क्रम लावणारे एक ०.००४ टाकतात, मित्रांत फोटो फिरवतात आणि पुढच्या फेरीत लाल करतात.

सरासरी हलवायची तर पाय बदलायचा नाही, गाडी बदलायची. निघतानाचे आरपीएम दोनशे-तीनशेने वाढवले की गाडी जोरात सुटते, रिॲक्शन लवकर येतो. पुढच्या टायरची हवा वाढवली की टायरचा जमिनीलगतचा भाग आखूड होतो, रोलआउट कमी होतं, रिॲक्शन लवकर येतो. हवा कमी केली की उलट. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इथे ओढाताण आहे: पकड मिळवायला पुढची हवा कमी करायची म्हटलं की रिॲक्शन उशिरा येतो. आपल्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांच्याच. एकदा जमलेला आकडा धरून ठेवा आणि त्याभोवती डायल बसवा.

घरचा सराव फोनवरच्या ट्रीच्या ॲपवर चालतो, पण त्याचे आकडे खरे मानू नका. साध्या स्क्रीनचं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, त्यावर टचचा उशीर वेगळा. तिथे पसारा कमी करण्याचा सराव करा, एवढंच. बसल्या जागी पाच मिनिटं, रोज. अर्ध्या तासाने डोळे थकतात आणि चुकीची सवय लागते.

आधी सुटणाऱ्याला एक सोय असते: शेजारची गाडी अजून उभी असते, लक्ष विचलित व्हायला काही नसतं. नंतर सुटणाऱ्याला शेजारी टायरचा आवाज येतो, गाडी झेप घेते, त्याचे दिवे बदलतात, आणि पाय आपोआप दबतो. म्हणून जलद गाडीवाल्यांनी समोरच्याच्या दिव्यांकडे जाणारी नजर हेल्मेटच्या कडेने झाकेल अशी मान ठेवायला शिकावं. डिले बॉक्स आणि ट्रान्सब्रेकवाले (ट्रान्सब्रेक म्हणजे गिअरबॉक्समधूनच गाडी रोखून धरणारी यंत्रणा) पहिल्या पिवळ्यावर बटण सोडतात आणि बॉक्स पुढचा वेळ मोजतो; त्यांचा गट वेगळा असतो. नवशिक्याने विनाबॉक्स गटातच उतरावं.

गाडी तशीच, दर वेळी

डायल खरा ठरवायचा तर गाडीने एकसारखं धावलं पाहिजे. दोन शतांशांच्या पसाऱ्यात धावणारी मारुती ही दोन दशांशांनी इकडेतिकडे होणाऱ्या ट्यून केलेल्या गाडीपेक्षा कितीतरी चांगली ब्रॅकेट गाडी आहे.

एसी बंद. कॉम्प्रेसर मधेच लागला की ताकद जाते, शिवाय एसीचं पाणी धावपट्टीवर ठिबकतं. ट्रॅक्शन कंट्रोल चालू की बंद, काही एक ठरवा आणि दिवसभर तेच. शिफ्ट एकाच आरपीएमला करा, मीटरच्या काचेवर छोटी चिकटपट्टी लावली तर चालते. पेट्रोलची टाकी दर रनआधी साधारण त्याच पातळीला ठेवा. सोळा सेकंदांच्या, अकराशे किलोच्या गाडीला दहा किलो वजनाने चार-पाच शतांशांचा फरक पडतो, म्हणजे दहा लिटर पेट्रोल संपलं की गाडी तीन शतांशांनी जलद पळू लागते आणि ब्रेकआउट होतं. स्टेपनी, जॅक, डिकीतल्या पाण्याच्या बाटल्या काढायच्या तर पहिल्या रनआधी काढा.

इंजिनचं तापमान सारखं पाहिजे. ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) जोडायचा स्वस्त स्कॅनर घ्या आणि कूलंट ठरावीक आकड्याला, समजा ८८ अंशांना, आल्यावरच स्टेज व्हा. टर्बो गाडीत याहून मोठा त्रास इंटरकूलर तापण्याचा. उन्हात बॉनेट बंद करून रांगेत वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं तर पुढचा रन हळू येणार. इंजिन बंद करा, गाडी ढकलत पुढे न्या, बॉनेट उघडा.

टायर. स्वतःचा गेज ठेवा. पेट्रोल पंपावरच्या गेजचा भरवसा नाही, आणि दोन पंपांचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की हवा साधारण एक पीएसआयने चढते. गाडी उन्हात एका बाजूने तापत उभी असेल तर एका बाजूचे टायर दोन पीएसआय जास्त दाखवतात, आणि गाडी निघताना एका बाजूला ओढते. टायरवर जुनी चादर टाका. हवा दर रनआधी, रांगेत लागण्याच्या अगदी आधी तपासा. रोडच्या टायरना २६ पीएसआयच्या खाली नेऊ नका. पाण्याच्या खड्ड्यातून गाडी नेऊ नका, नक्षीतून पाणी रेषेपर्यंत जातं. बाजूने वळसा घालून या आणि चाकं एकदाच किंचित फिरवून धूळ झाडा.

क्लचच्या गाडीत निघताना ३,००० आरपीएमपासून सुरुवात करा. चाक फिरलं तर दोनशे कमी, गाडी गुदमरली तर दोनशे जास्त. हाफ क्लचवर गाडी अडवून ट्रीची वाट बघू नका, प्लेट तापते, तिसऱ्या रनला क्लच धरण्याचा पॉइंट बदललेला असतो आणि वासही येतो. स्टेजचा दिवा लागला की मगच पॉइंटपर्यंत आणा. ऑटोमॅटिकवाल्यांनी डाव्या पायाने ब्रेक धरून हलका रेझ द्यावा. काही गाड्यांचा कॉम्प्युटर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दिसले की रेझ कापतो. ते सरावाच्या दिवशी कळलं पाहिजे. एएमटी (क्लच स्वतः चालवणाऱ्या गिअरबॉक्सची) गाडी ब्रॅकेटला अवघड, कारण क्लच किती वेळात धरायचा हे ती दर वेळी स्वतः ठरवते आणि रिॲक्शन विखुरतो.

टाइम स्लिप वाचणं आणि डायल लिहिणं

रनच्या शेवटी मिळणाऱ्या कागदावर रिॲक्शन, मग ६०, ३३०, ६६०, १००० आणि १३२० फुटांचे वेळ आणि शेवटी वेग असतो. शेवटचा वेग रेषेआधीच्या ६६ फुटांत मोजतात. सगळ्यात आधी ६० फुटांचा आकडा बघा. तिथे एक दशांश गमावला तर शेवटी दीड ते दोन दशांश जातात. ६० फूट हळू पण शेवटचा वेग तोच, तर निघताना चाक फिरलं किंवा गाडी गुदमरली. ६० फूट ठीक पण वेग कमी, तर हवा, तापलेलं इंजिन किंवा उशिरा शिफ्ट. दोन्ही खराब आणि स्वतःला कारण माहीत असेल, तर तो रन डायलच्या हिशोबातून काढून टाका.

समजा पाच रन आले: १५.८६, १५.८३, १५.८४, १५.९७, १५.८५. १५.९७ मध्ये तिसरा गिअर अडकला होता. तो बाद. उरलेल्या चारांची सरासरी १५.८४५, सगळ्यात जलद १५.८३. डायल १५.८३ लिहा. तीन शतांशांच्या पसाऱ्यात ब्रेकआउटची शिक्षा संपूर्ण हार आहे आणि एक-दीड शतांश हळू धावण्याची शिक्षा तेवढीच एक-दीड शतांश. म्हणून चांगल्या रनांतला सगळ्यात जलद आकडा धरायचा. १५.९० लिहून शेवटी ब्रेक मारू, असा विचार पहिल्या वर्षी नको.

आता हवा. हा आकडा सकाळी दहाला खरा होता, दुपारी दोनला नाही. तापमान २४ वरून ३२ अंशांवर गेलं की सोळा सेकंदांची गाडी सात शतांश ते एक दशांशाने हळू होते. संध्याकाळी हवा गार झाली की तेच परत मिळतं, आणि नेमक्या त्याच वेळी सेमीफायनल असते. दुपारचा डायल घेऊन संध्याकाळी उतरणारे ब्रेकआउट करून घरी जातात.

मुंबईकरांसाठी दमट हवेचा हिशोब वेगळा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असली की हवेच्या एकूण दाबापैकी साडेतीन टक्के नुसती वाफ असते, तिच्यात इंजिनाच्या कामाचं काही नाही. कोरड्या हवेच्या तुलनेत सोळा सेकंदांच्या गाडीला यात दीड-दोन दशांशांचा फटका बसतो. आणि घाट चढून गेलात की दुसरं गणित: लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी कमी. टर्बो नसलेली गाडी तिथे तीन ते चार दशांश हळू धावते. टर्बोवाल्यांना फटका कमी बसतो. म्हणून मुंबईत काढलेला कुठलाही आकडा वर डायल म्हणून लिहू नका. सरावाचे रन त्याच पट्टीवर, त्याच दिवशी. साधा थर्मामीटर-हायग्रोमीटर सावलीत टांगा आणि दर स्लिपवर पेनाने वेळ, तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा लिहा. समोरून वारा सुटला की तोही शतांशांत दिसतो.

शेवटची रेषा

अनुभवी रेसर शेवटच्या शंभर मीटरमध्ये शेजारी बघून गॅस सोडतात, म्हणजे थोडक्यात जिंकायचं आणि ब्रेकआउटही टाळायचं. तुम्ही अजून ते करू नका. ताशी १६५ ने येणारी गाडी ताशी १४० वाल्याच्या जवळ दर सेकंदाला सुमारे सात मीटर सरकते. शेवटच्या सेकंदाला ती सात मीटर मागे दिसत असेल तर रेषेवर दोघं बरोबरीत, आणि आरशात सात मीटर ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. शिवाय त्या वेगात जोरात ब्रेक मारून शेजाऱ्याकडे बघणं धोक्याचं. पहिला हंगाम पूर्ण दाबून रेषा पार करा, मग सरळ रेषेत हळूहळू ब्रेक. वळून परतीच्या लेनला लागेपर्यंत शेजारच्या लेनमध्ये जायचं नाही, जिंकला असलात तरी.

निघण्याआधी आणि परतताना

फुल फेस हेल्मेट, अंगभर सुती कपडे, बंद बूट. बॅटरी घट्ट, चाकांचे नट टॉर्कने आवळलेले, कुठेही गळती नाही, केबिनमध्ये एकही मोकळी वस्तू नाही. तांत्रिक तपासणीला इथेच गाड्या अडकतात. गाडीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, हे घरच्यांनाही माहीत असू द्या. बाइकवाल्यांनी लक्षात ठेवावं की मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकी चालत नाही, जुन्या महामार्गाने जा किंवा बाइक टेम्पोत घाला. घाट चढून गेल्यावर गाडी तासभर निवू द्या, मगच पहिला रन. चढावर तापलेला क्लच आणि इंटरकूलर पहिली स्लिप खोटी काढतात.

परतताना टायरची हवा कंपनीच्या आकड्यावर आणा. २६ पीएसआयवर खंडाळ्याचा उतार उतरायचा नाही. नट पुन्हा आवळा, ब्रेक पूर्ण गार झालेत ना बघा, स्टेपनी आणि जॅक डिकीत परत टाका, आणि घाटात खालच्या गिअरवर उतरा.